बडोद्यात निर्यात-नियंत्रणाची वकिली : पहिली फाइल हातात येते तेव्हा

या कामाला लागणारे नवे वकील बहुधा कायद्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. परकीय व्यापार (विकास व विनियमन) कायदा, १९९२ तोंडपाठ होतो, पण समोर ठेवलेला व्हॉल्व्ह नियंत्रित आहे की नाही, म्हणजे तो परदेशी पाठवायला सरकारी परवाना लागतो की नाही, ते सांगता येत नाही. कारण ते उत्तर कलमांत नसतंच. ते व्हॉल्व्हच्या आतल्या अस्तरात असतं. म्हणून आधी माल, मग माणूस, मग देश आणि शेवटी कलम, असा क्रम धरा.

बडोद्यात हे जमवायला सोपं आहे. मकरपुरा जीआयडीसीत इंजिनिअरिंगचे कारखाने, नंदेसरीत रसायनं, पोर, वाघोडिया आणि सावलीच्या पट्ट्यात आणखी. रावपुऱ्यातल्या ऑफिसातून निघून अर्ध्या-पाऊण तासात माणूस यंत्रासमोर उभा राहू शकतो. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या फर्मना हे कागदावरून करावं लागतं. ही सोय वापरा.

सनद आणि वाचन

कागदी पात्रता लवकर उरकते: एलएलबी, बार कौन्सिल ऑफ गुजरातकडे नोंदणी, मग एआयबीई ही वकिलांची अखिल भारतीय परीक्षा. नोंदणीचं शुल्क सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये इतकंच आहे. निर्यात-नियंत्रणाच्या कामासाठी वेगळी सनद लागत नाही.

वाचायचं मात्र बरंच आहे. वर सांगितलेला १९९२ चा कायदा, त्यात २०१० च्या दुरुस्तीने आलेलं प्रकरण चार-अ. सामूहिक संहाराची शस्त्रं व त्यांच्या वहनप्रणालींबाबतचा २००५ चा कायदा, ज्यात २०२२ साली अशा कामांना पैसा पुरवण्यावरही बंदी आली. सीमाशुल्क कायदा १९६२. विदेश व्यापार धोरण २०२३ आणि त्याच्या हँडबुकचं दहावं प्रकरण. आणि या सगळ्याचा गाभा, म्हणजे स्कोमेट यादी, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या खास रसायनं, जीव, पदार्थ, उपकरणं आणि तंत्रज्ञानाची: आयटीसी (एचएस) या आयात-निर्यात वर्गीकरणाच्या अनुसूची २ चं परिशिष्ट ३.

यादी पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, झोप येईल. वर्ग ० ते ८ आहेत, ७ वा राखीव. वर्ग ० अणुऊर्जा विभागाकडे, वर्ग ६ म्हणजे युद्धसामग्री संरक्षण उत्पादन विभागाकडे, बाकी बहुतेक डीजीएफटीकडे, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडे. बडोद्याच्या वकिलाने आधी वर्ग १ (रसायनं) आणि वर्ग ३ (पदार्थ व प्रक्रियेची यंत्रं) पक्के करावेत, मग वर्ग ८. निर्यात-नियंत्रणाचे देशादेशांतले गट आहेत: भारत २०१६ मध्ये एमटीसीआर (क्षेपणास्त्रं), डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्था (पारंपरिक शस्त्रं व दुहेरी वापराचा माल) आणि जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुपचा (रासायनिक व जैविक शस्त्रं) सदस्य झाला. त्यामुळे आपल्या यादीतली मोजमापं बरीचशी आंतरराष्ट्रीय याद्यांशी जुळती आहेत. युरोपातल्या खरेदीदाराचा वकील ज्या आकड्यांवर बोट ठेवतो, साधारण तेच आकडे आपल्याकडे निघतात.

मालाचं वर्गीकरण

निम्मी वकिली इथेच असते, म्हणून इथे घाई नको.

पहिली चूक सगळे करतात: एचएसएन कोड बघून निर्णय. शिपिंग बिलावर ८४८१ आहे म्हणजे व्हॉल्व्ह, एवढंच कळतं. एचएसएन कर बसवण्यासाठी आहे, स्कोमेट मालाच्या क्षमतेसाठी. एकाच कोडखाली नळाची तोटी येते आणि विषारी वायूच्या प्लँटला चालेल असा व्हॉल्व्हही येतो.

एक व्हॉल्व्ह घेऊन बघू. वर्ग ३ च्या ‘डी’ उपवर्गात रासायनिक उत्पादनाची यंत्रसामग्री आहे. तिथली मुख्य कसोटी अशी: नॉमिनल साइज १० मिलिमीटरपेक्षा मोठी, आणि रसायनाला लागणारे सगळे पृष्ठभाग ठरावीक पदार्थांचे. ते पदार्थ म्हणजे निकेल २५ टक्क्यांहून जास्त आणि क्रोमियम २० टक्क्यांहून जास्त असलेला मिश्रधातू, निकेल किंवा ४० टक्क्यांहून जास्त निकेलचा मिश्रधातू, फ्लोरोपॉलिमर, काच, टँटलम, टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम आणि असेच काही.

आता कारखान्यातला माल लावून पाहा. एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचा ओतीव प्रकार सीएफ८एम: निकेल ९ ते १२ टक्के. यादीच्या बाहेर. हॅस्टेलॉय सी-२७६ मध्ये निम्म्याहून जास्त निकेल, मोनेल ४०० मध्ये ६३ टक्क्यांच्या वर. दोन्ही आत. पीटीएफईचं (म्हणजे टेफ्लॉन, एक फ्लोरोपॉलिमर) पूर्ण अस्तर असलेला व्हॉल्व्ह: बॉडी साध्या कास्ट आयर्नची असली तरी आत, कारण रसायनाला फक्त अस्तर लागतं. पण एसएस ३१६ चा बॉल व्हॉल्व्ह आणि त्यात पीटीएफईची फक्त सीट? बाहेर. सगळे पृष्ठभाग फ्लोरोपॉलिमरचे नाहीत, आणि बदलता येणाऱ्या गॅस्केट, पॅकिंग, सील यांवरून दर्जा ठरत नाही. डेटाशीटवर दोन्हींत ‘पीटीएफई’ हा शब्द असतो. कोणत्या ओळीत आहे ते बघायचं. ‘लायनिंग’समोर आहे की ‘सीट’समोर, यावर परवाना लागतो की नाही हे ठरतं.

खरी गंमत अलॉय २० ची. त्याचा ओतीव प्रकार सीएन७एम: निकेल २७.५ ते ३०.५, क्रोमियम १९ ते २२ टक्के. म्हणजे निकेलची अट नेहमी पुरी होते आणि क्रोमियम रेषेच्या दोन्ही बाजूंना पडू शकतं. एका हीटचं (एका वेळी वितळवलेल्या धातूचं) टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे टीसी, १९.६ दाखवतं, दुसऱ्याचं २०.३. शेठ म्हणतील, ‘‘वकीलसाहेब, १९.६ वाल्या हीटमधून माल काढतो ना, झालं काम.’’ कागदावर ते चालेल. पण पुढच्या ऑर्डरला स्टोअरमधला मुलगा हीट नंबर बघेलच याची खात्री कोण देणार? आमचा सल्ला: सीएन७एम ग्रेड सरसकट नियंत्रित धरा आणि तसं कारखान्याच्या माल-नोंदीत, आयटम मास्टरमध्ये, लिहून टाका.

तसेच आणखी काही आकडे वहीत लिहून ठेवा. रिअ‍ॅक्टर: आतलं आकारमान १०० लिटरपेक्षा जास्त आणि २०,००० लिटरपेक्षा कमी, वरच्या यादीतल्या पदार्थांचा. ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टर त्यामुळे सहज आत येतो. हीट एक्स्चेंजर: उष्णता-हस्तांतरणाचं क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटरच्या वर आणि २० च्या खाली. सील-लेस किंवा मल्टिपल सीलचे पंप: ताशी ०.६ घनमीटरच्या वर. वरची मर्यादा पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटतं, मोठं यंत्र बाहेर आणि लहान आत कसं? फार मोठी यंत्रं साध्या रासायनिक उद्योगाची असतात. धोका मधल्या मापांत मानलेला आहे.

नंदेसरीचा माल असेल तर नाव विसरा आणि सीएएस नंबर, म्हणजे त्या रसायनाचा ठरलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, मागा. ‘टीईए ८५’, ‘टीईए ९९’ अशा नावांनी विकलं जाणारं ट्रायइथेनॉलअमीन सौंदर्यप्रसाधनांत आणि सिमेंट दळण्याच्या कामात वापरतात. सीएएस १०२-७१-६, आणि ते रासायनिक शस्त्र कराराच्या अनुसूची ३ मध्ये आहे. थायोनिल क्लोराइड (७७१९-०९-७) तिथेच. थायोडायग्लायकॉल (१११-४८-८) अनुसूची २ मध्ये. आपल्या यादीत अनुसूची १, २, ३ म्हणजे अनुक्रमे १ए, १बी, १सी. १ए ची निर्यात बंद. १सी साठी करारातल्या देशांकडे वाट तुलनेने सोपी आहे. कोणत्या देशाला परवाना लागतो आणि कोणाबाबत माल गेल्यावर फक्त कळवायचं, ते यादीतल्या टीपा आणि तक्त्यात त्या दिवशी बघायचं. इजिप्त, इस्रायल, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान हे करारात नाहीत. इजिप्तची ऑर्डर तर बडोद्याला नेहमीची, त्यामुळे ही नावं पाठच करा. मिश्रण असेल तर टक्केवारी लिहून घ्या. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ एवढ्यावर मत देऊ नका.

माल ट्रकमधूनच जातो असंही नाही. नियंत्रित यंत्राचं ड्रॉइंग परदेशी ग्राहकाला ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं हीही तंत्रज्ञानाची निर्यात असू शकते. कोटेशनबरोबर डिझाइनवाले ड्रॉइंग आधीच पाठवून मोकळे झालेले असतात आणि परवान्याचा विचार डिस्पॅचच्या वेळी होतो. पहिल्या भेटीतच विचारा: ‘‘ड्रॉइंग गेलं का? कोणी पाठवलं? कधी?’’

समोरची पार्टी

इथे पाच प्रश्न: खरेदीदार कोण, माल उतरवून घेणारा कोण, वापरणारा कोण, पैसे कोण देणार, आणि माल कोणत्या जहाजाने जाणार. पाचही नावं वेगळी असू शकतात आणि पाचही तपासायची. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) दुबईची ट्रेडिंग कंपनी, बिल ऑफ लेडिंगवर तुर्कस्तानचं बंदर आणि पैसे तिसऱ्याच देशातून, असं दिसलं की थांबा.

नावं तपासायला सुरुवातीला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची एकत्रित यादी, अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंध-कार्यालयाची, म्हणजे ओफॅकची, मोफत शोध-सुविधा, अमेरिकन वाणिज्य खात्याची एकत्रित तपास-यादी, युरोपीय संघ आणि ब्रिटनच्या याद्या पुरतात. ओफॅकच्या शोधपानावर नाव किती जुळलं पाहिजे याची पट्टी असते. ती १०० वर ठेवून ‘काही सापडलं नाही’ असा प्रिंट काढणं म्हणजे निव्वळ सोपस्कार. रशियन, अरबी, फारसी नावं रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिली जातात. पट्टी खाली आणा, नावाचे तुकडे करून शोधा, पत्ताही शोधा. जहाजाचं नाव रात्रीत बदलतं, सात आकडी आयएमओ नंबर बदलत नाही. शोध त्यावर घ्या.

मग मालकी. ओफॅकच्या नियमानुसार यादीतल्या एका किंवा अनेक व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी, तिचं नाव यादीत नसलं तरी, बंद. ३० अधिक २० म्हणजे ५०, झालं. ब्रिटनमध्ये ५० टक्क्यांपेक्षा जास्त, किंवा नियंत्रण. म्हणून खरेदीदाराकडून भागधारकांचा तक्ता मागावा लागतो. ‘‘एवढं मागितलं तर ग्राहक तुटेल’’ असं सेल्सवाले सांगतात. खरा ग्राहक कुरकुरतो आणि देतो.

धोक्याच्या खुणा थोडक्यात: कंपनी चार महिन्यांची आणि ऑर्डर कोटींची, अंतिम ठिकाणी फॉरवर्डरचाच (माल पुढे पोचवणाऱ्या एजंटाचाच) पत्ता, इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग, वॉरंटी काहीच नको, मालाचा त्यांच्या धंद्याशी संबंध नाही. शेवटची खूण सर्वात भरवशाची. कपड्याच्या व्यापाऱ्याला हॅस्टेलॉयचे व्हॉल्व्ह कशाला हवेत?

परवान्याचा अर्ज

अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा. बडोद्यात डीजीएफटीचं प्रादेशिक कार्यालय आहे, पण स्कोमेटचा निर्णय तिथे होत नाही. तो दिल्लीच्या मुख्यालयात, आंतर-मंत्रालयीन कार्यगटाच्या विचारानंतर होतो. आपल्या पार्टीला, म्हणजे निर्यातदाराला, हे आधीच सांगा, नाहीतर ती रोज बडोद्याच्या ऑफिसात माणूस पाठवत राहील. वेळेचं वचन देऊ नका, आणि एलसीची (बँकेच्या पतपत्राची) शेवटची शिपमेंट तारीख परवाना हाती येईपर्यंत ठरवू देऊ नका.

लागतं ते: आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड), पीओ, तांत्रिक तपशील, यादीतला नेमका उपक्रमांक, आणि एंड-यूज सर्टिफिकेट. बहुतेक अर्ज या शेवटच्या कागदावर अडकतात. पीओवर ४० नग आणि सर्टिफिकेटवर ‘फोर्टी फाइव्ह’. पीओवर कंपनीचं पूर्ण नाव आणि सर्टिफिकेटवर लघुरूप. वापराच्या रकान्यात नुसतं ‘इंडस्ट्रियल यूज’. सही ट्रेडरची, वापरणाऱ्याची नाही. वापर असा लिहून घ्या: कोणत्या गावातल्या कोणत्या प्लँटमध्ये, कोणत्या प्रक्रियेच्या लाइनवर, कोणतं रसायन वाहणार. मसुदा स्वतः करून परदेशी पार्टीला पाठवा आणि त्यांच्या लेटरहेडवर आणवा. त्यांच्यावर सोडलं तर तीन वेळा परत येतं.

काही रसायनं व यंत्रांसाठी, विशिष्ट देशांना, सर्वसाधारण परवानगीची सोय आहे. तिथे दर खेपेला अर्ज नाही, पण माल गेल्यावर कळवणं बंधनकारक. ही सोय घेणारे कळवायचं विसरतात. डायरीत तारीख टाका.

आणि माल यादीत नसला तरी तो संहारक शस्त्रांच्या कामी जाणार हे निर्यातदाराला माहीत असेल किंवा तसं मानायला जागा असेल, तर यादीबाहेरचा मालही अडतो. म्हणून वर सांगितलेली पार्टीची चौकशी यादीबाहेरच्या मालालाही लागू.

परक्या देशांचे निर्बंध

इथे पार्टीचा ठरलेला प्रश्न: ‘‘आपण भारतात, अमेरिकेचा कायदा आपल्याला का?’’ भारत बांधील आहे तो सुरक्षा परिषदेच्या निर्बंधांना, संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) कायदा, १९४७ मार्फत. एका देशाने एकतर्फी घातलेले निर्बंध भारतीय कायदा होत नाहीत. हे बरोबरच आहे. पण ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेने रशियाशी निगडित सुमारे ४०० नावांवर निर्बंध घातले, त्यांत १९ भारतीय कंपन्या होत्या. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने या व्यवहारांत भारतीय कायद्याचा भंग दिसत नसल्याचं म्हटलं. कंपन्या तरीही यादीत गेल्या. भारतीय कायदा पाळून धंदा बुडू शकतो, हे पार्टीला याच उदाहरणाने समजावा.

अमेरिकेचा हात पोचतो तो तीन वाटांनी. पैसे डॉलरमध्ये असतील तर ते न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरतात. मालात अमेरिकी भाग असतील तर प्रमाण मोजावं लागतं: नियंत्रित अमेरिकी भागांची किंमत एकूण किमतीच्या २५ टक्क्यांवर गेली की त्यांचा निर्यात-कायदा लागू, इराण, उत्तर कोरिया, क्युबा यांसाठी रेषा १० टक्क्यांवर. ६० लाखांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ९ लाखांचे असे भाग असतील तर १५ टक्के. इंडोनेशियाला चालेल, तेहरानला नाही. तिसरी वाट म्हणजे यादीत टाकण्याची धमकी, तिला यातलं काहीच लागत नाही. रुपयांत व्यवहार केला की सुटलो, असं म्हणणाऱ्याला तिसरी वाट दाखवा.

रशियाला पोचू नये अशा मालाच्या अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन व जपानच्या ‘सामायिक उच्च-प्राधान्य’ यादीत सहा आकडी ५० एचएस कोड आहेत. त्यांत बेअरिंगचे ८४८२.१०, .२०, .३० आणि .५० आहेत. हा माल स्कोमेटमध्ये नसला तरी मध्य आशिया किंवा कॉकेशसकडून अचानक मोठी ऑर्डर आली की चौकशी करा. युरोपातून यंत्र वा सुटे भाग आणणाऱ्या पार्टीच्या करारात ‘रशियाला पुनर्निर्यात नाही’ हे कलम २० मार्च २०२४ पासून दिसू लागलं. सही करण्याआधी ते वाचून दाखवा. युरोपला फ्लँज-फिटिंग्ज पाठवणाऱ्यांना ३० सप्टेंबर २०२३ पासून त्यातलं लोखंड रशियन नाही याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे मिल टेस्ट सर्टिफिकेट आणि बिलेट कुठली ते. पुन्हा तोच टीसीचा कागद.

निर्बंध आणि निर्यात-नियंत्रण यांत गल्लत नको. सीरियावरचा अमेरिकेचा निर्बंध-कार्यक्रम ३० जून २०२५ च्या आदेशाने संपवला गेला. म्हणून सगळा अमेरिकी माल तिकडे जाण्यास मोकळा झाला असं नव्हे. ते दुसऱ्या, म्हणजे वाणिज्य खात्याचे दुसरे नियम.

आणि मर्यादा ओळखा. भारतीय वकिलाने अमेरिकी कायद्यावर मत देऊ नये. ‘या व्यवहारात अमुक धोका दिसतो, तिथल्या वकिलाचं मत घ्यावं’ इथपर्यंत लिहा आणि थांबा.

माल अडला तर

मुंद्रा किंवा न्हावा-शेवाला कंटेनर थांबला, की कस्टम्स ब्रोकरचा फोन येतो. पहिली सूचना एकच: कुठलाही कागद बदलू नका. डेटाशीटवरचा ‘लायनिंग’ शब्द खोडून नवी पीडीएफ पाठवणारे महाभाग असतात, आणि चूक तिथे गुन्हा होते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०८ चं, म्हणजे चौकशीला बोलावणारं, समन्स आलं तर जबाब देणाऱ्याला आदल्या दिवशी कागद वाचायला लावा. आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ म्हणावं, अंदाज नको. न्यायालयाची परवानगी असेल तर वकील दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसतो. प्रतिबंधित माल पाठवण्याबद्दल सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११४ खाली किमतीच्या तिप्पट, आणि १९९२ च्या कायद्याच्या कलम ११ खाली पाचपट दंड होऊ शकतो. या दुसऱ्या कायद्याखालच्या अपिलाला ४५ दिवस, आणि दंड आधी भरावा लागतो. अपवाद मागता येतो, मिळेलच असं नाही.

काम आणि फाइल

जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. मकरपुऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘स्कोमेटसाठी संपर्क करा’ टाकणं त्यातच येतं. काम येतं ते सीए आणि कस्टम्स ब्रोकरकडून. फी तासावर मागितलीत तर इथे कोणी देत नाही. वर्गीकरणाला नगावर, परवान्याला अर्जावर ठरवा, आणि क्वेरीची उत्तरं त्यात धरली आहेत की नाही ते आधीच लिहून द्या.

प्रत्येक मताच्या फाइलमध्ये हे हवंच: डेटाशीट, टीसी, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, तपासणीचे तारीख-वेळेसह प्रिंट, आणि त्या दिवशी लागू असलेल्या स्कोमेट यादीचं संबंधित पान. यादी बदलते, तीन वर्षांनी विचारणा होते तेव्हा आजच्या यादीवरून कालचं मत तपासलं जातं आणि चुकीचं वाटतं. स्कोमेटच्या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या असतात, पण १२ मार्च २०२५ पासून ओफॅकची मुदत दहा वर्षं झाली आहे. व्यवहारात डॉलर असेल तर फाइलवर दहा वर्षांचीच तारीख टाका.